वीस केबीचा माणूस

चंद्रपूर जिल्ह्यातलं गडचांदूर हे वजनाचं गाव आहे. इथं चुनखडी टनात मोजतात, सिमेंट पन्नास किलोच्या पोत्यात आणि कापूस क्विंटलमध्ये. एक सिमेंट कारखाना गावातच, शिवाय आवारपूर, उपरवाही, नारंडा जवळच. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक एकतर भरून आलेला असतो किंवा भरायला निघालेला असतो. काटा म्हणजे काय, हे इथल्या पोट्ट्यासोट्ट्यांनाही कळतं. माल कमी भरला की भांडण, हा सगळ्या कोरपना तालुक्याचा अलिखित कायदा.

अशा गावाला गेल्या काही वर्षांत एक नवं माप शिकावं लागलं. त्याचं नाव केबी. या मापाचा न्याय उलटा आहे. इथं माल जास्त भरला म्हणून परत येतो.

"काका, तुमचा फोटो साडेतीनशे केबीचा होऊन राहिला."

"मंग बरं हाय ना!"

"बरं नाही जी. वीसच्या आत पाह्यजे."

"आता आनखी किती वाळू गा मी?"

जून-जुलैत दाखल्यांचा हंगाम लागला की कुठल्याही सेवा केंद्राबाहेर अर्धा तास उभं राहा, हा संवाद शब्द बदलून ऐकू येतो. नाटकाचं तिकीट काढायची गरज नाही.

नियम मात्र अगदी स्पष्ट आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्जदाराचा फोटो ५ ते २० केबीचा, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल. हे वरचे बारा पिक्सेल कुठल्या बैठकीत मंजूर झाले असतील, याची मला फार उत्सुकता आहे. दोनशेवाले एका बाजूला, दोनशेबारावाले दुसऱ्या बाजूला, मध्ये चहा-बिस्किटं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दोन्ही पक्षांचा मान राखून झालेली तडजोड. रुंदीच्या बाबतीत मात्र कोणी नमलेलं दिसत नाही. महाराष्ट्राचा नागरिक थोडा उंच-बुटका चालेल, रुंद चालणार नाही.

या आकड्यांना एक थोरला इतिहास आहे. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श नावाच्या संशोधकानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राखाली धरला आणि तो संगणकात उतरवला. डिजिटल फोटोची वंशावळ तिथून सुरू होते. त्या फोटोचा आकार १७६ बाय १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपके. आपल्या पोर्टलचा फोटो किमान उंचीला १६० बाय २००, म्हणजे बरोबर ३२,००० ठिपके. त्या बाळाच्या वाट्याला फक्त काळा आणि पांढरा रंग होता, आपल्याला सगळे रंग मिळाले, हे कबूल. पण एवढ्या वर्षांत ठिपके वाढले ते हजारभर. महागाई भत्तासुद्धा याहून बरा वाढतो.

आणि इकडे मोबाईलच्या दुकानात पोरगा हप्त्यावर फोन घेतो तो "पन्नास मेगापिक्सेल" ऐकून. पन्नास मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी ठिपके. ते घेऊन तो पोर्टलच्या दारात जातो. दारावरचा शिपाई सांगतो, यातले बत्तीस हजार ठेव, बाकीचे घरी घेऊन जा. दीड हजारातला एक ठिपका आत जातो. हप्ते मात्र पूर्ण पाच कोटींचे भरावे लागतात.

फोटो बारीक करणं हे एक वेळ समजू शकतं. खरी गंमत कागदपत्रांची. दाखले, शिधापत्रिका, गुणपत्रिका यांना वरच्या मर्यादेबरोबर खालचीही मर्यादा आहे. ७५ केबीच्या खाली गेलेला कागद पोर्टल घेत नाही. मुलगी दाखवायला आणली की जाड नको आणि काडीही नको म्हणणारी वरपक्षाची मावशी असते ना, ती निवृत्त होऊन संगणक विभागात लागली असावी. त्यामुळे सेवा केंद्रातला मुलगा एकाच अर्जासाठी डाव्या हातानं माणूस वाळवतो आणि उजव्या हातानं जातीचा दाखला पोसतो. वाळवण्याच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पोसण्याची विद्या अवघड. काळ्या-पांढऱ्याऐवजी रंगीत स्कॅन करायचं. स्कॅनरचं रिझोल्युशन चढवायचं. तरी नाही भागलं तर दाखल्याबरोबर थोडं टेबलही फोटोत घ्यायचं. लाकडाच्या रेषा केबीला फार पौष्टिक. राज्याच्या संगणकात आज किती दाखल्यांबरोबर किती टेबलांच्या कडा जतन झाल्या असतील, त्याची मोजदाद कोणी केली तर फर्निचर खात्याला उपयोगी पडेल.

हे का होतं, ते त्या मुलाला कोणी शिकवलेलं नाही, पण अनुभवानं तो नेमकं ओळखतो. जेपेग हे १९९२ सालापासूनचं प्रमाण. त्यात फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला जे फारसं जाणवत नाही ते तपशील गाळून टाकतात. चौकोनात सगळं सारखं असेल, उदाहरणार्थ पांढरी भिंत, तर ते दोन शब्दांत लिहून होतं. चौकोनात रेघा, चौकटी, फुलं, केस असतील तर वर्णन लांबतं आणि केबी वाढतात. म्हणून अनुभवी ऑपरेटर गिऱ्हाईक दारात दिसताच आधी त्याचा शर्ट बघतो.

"चौकड्यांचा शर्ट काहून घालून आले जी?"

"नवा हाय ना. फोटो काढाचा म्हनून घातला."

"याच्यातच दहा केबी गेले तुमचे."

याच न्यायानं सुरकुत्यांनाही वजन असतं. त्याच भिंतीपुढे, त्याच उजेडात काढलेला आजीचा फोटो नातवापेक्षा बहुधा जड भरतो. तिला दाबत दाबत वीसच्या आत आणली की सुरकुत्या सगळ्यात आधी जातात आणि निराधार योजनेच्या अर्जावर चाळिशीची गुळगुळीत बाई दिसू लागते. मग टेबलापलीकडचा माणूस फोटोकडे बघतो, आजीकडे बघतो आणि विचारतो, या कोण? वय वाढल्याचा पुरावा द्यायला आलेल्या बाईला नियमानंच तरुण करून ठेवलेलं असतं.

या सगळ्यात खरा मानभंग होतो तो आयफोनवाल्यांचा. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दिवाळीला घरी येतो. बापाचा फोटो मीच काढतो म्हणतो. लाखाच्या घरातला फोन काढतो. फोटो असा सुरेख की बापाला पहिल्यांदा आपल्या मिशांचा अभिमान वाटतो. आणि पोर्टल म्हणतं, चुकीची फाईल. कारण २०१७ पासून हा फोन फोटो जेपेगमध्ये न ठेवता एचईआयसी नावाच्या नव्या प्रकारात ठेवतो. जागा कमी लागते, दर्जा चांगला राहतो, फक्त आपल्या इकडच्या पोर्टलांना तो ओळखू येत नाही. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली फॉरमॅट आहे, तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की काम होतं. पण हे मुलाला ठाऊक नसतं, तो बंगळूरच्या मित्राला फोन लावतो. तेवढ्या वेळात बाप शेजाऱ्याच्या सात हजाराच्या, काचेला तडा गेलेल्या फोनवर फोटो काढून अर्ज भरून मोकळा. त्या दिवशी घरात जेवताना कोणी फारसं बोलत नाही.

दुसरा एक घोटाळा आडव्या माणसांचा. फोन कसाही धरा, आतला सेन्सर त्याच्या सोयीनं चित्र घेतो आणि सोबत एक चिठ्ठी लिहून ठेवतो: दाखवताना एवढं वळवून दाखवा. फोनवर ती चिठ्ठी वाचली जाते, म्हणून माणूस उभा दिसतो. काही पोर्टलं चिठ्ठी वाचत नाहीत. मग पांढऱ्या चादरीच्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे ठेवून, आडवा झालेला माणूस पडद्यावर येतो. हयातीच्या दाखल्याला असा फोटो जोडला जाणं बरं नव्हे.

या सर्व रोगांवर गावात एकच औषध चालतं: व्हॉट्सॲप. स्वतःलाच फोटो पाठवायचा आणि उतरवून घ्यायचा. वाटेत तो आपोआप हलका होतो, बराचसा सरळही होतो. कोणी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण जिवतीच्या पहाडापासून राजुऱ्यापर्यंत सगळ्या केंद्रांत हेच पथ्य. फक्त या औषधाचा एक परिणाम वाईट. फोटो कुठल्या जागी काढला, त्याचे अक्षांश-रेखांश फाईलच्या पोटात असतात, ते व्हॉट्सॲपमधून जाताना गळून पडतात. आणि अलीकडे शासनाला माणसाच्या चेहऱ्यापेक्षा तो उभा कुठं होता, यातच जास्त रस आहे.

तर आता शेतात चला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतःच ॲपमध्ये करायची, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. नोंद नसेल तर सातबाऱ्यावर पेरा कोरा. पेरा कोरा म्हणजे पीकविमा, नुकसानभरपाई, सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस विकणं, सगळ्यालाच अडचण. कल्पना वाईट नाही. पूर्वी तलाठी चावडीत बसून तालुकाभरची पिकं पाहायचे. त्यांची दृष्टी फारच लांबची होती. आता खुद्द शेतकरी पाहतो, यात न्याय आहे.

फक्त इथंही फोटो आहेच. ॲपला फोटो जागेवरूनच हवा, आणि जागा म्हणजे नकाशातला गट. आमच्या भागात सप्टेंबरात पऱ्हाटी छातीपर्यंत येते, आभाळ भरलेलं असतं, पायात काळ्या मातीचे दोन-दोन किलोचे बूट तयार झालेले असतात. अशा स्थितीत शेतकरी मोबाईल उंच धरून उभा.

"का म्हंते?"

"तुम्ही गटापासून दूर हाय म्हंते."

"मी माह्याच वावरात उभा आहो ना बाप्पा! हा धुरा माहा, हे झाड माहं."

"झाडाचा गट नंबर टाकून पाहू का?"

यात लबाडी कोणाचीच नसते. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाईल साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. ढग तसे फार त्रास देत नाहीत. दाट झाडी, डोंगराची कड आली की हे अंतर वाढतं. शिवाय गावनकाशे जुन्या मोजणीवरून संगणकात आलेले. म्हणजे जमीन एका काळातली, नकाशा दुसऱ्या आणि उपग्रह तिसऱ्या. तिघांचं एकमत व्हायला थोडा वेळ जातो. तेवढा वेळ माणूस धुऱ्यावरून सरकत राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पऱ्हाटीत कोणाला तरी देव आलाय.

आणि रेंज? ॲपची एक गोष्ट चांगली आहे. रेंज नसली तर माहिती फोनमध्ये साठते, रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. मग संध्याकाळी पहाडाखाली, टेकाडावर, टाकीजवळ, जिथं दोन दांड्या दिसतात तिथं सगळं गाव जमतं. एकमेकांच्या पिकांचे फोटो बघून होतात. कोणाची सोयाबीन पिवळी पडली, कोणाच्या कापसावर लाल्या आला, हे पूर्वी चुगल्या करून कळायचं, आता अपलोडच्या रांगेत कळतं.

जिवती तालुक्यात गेलात तर हा खेळ आणखी रंगतो. तिथली चौदा गावं महाराष्ट्राची की तेलंगणाची, हा वाद तुम्ही-आम्ही वर्षानुवर्षं वाचतो आहोत. गावकऱ्यांकडे दोन्हीकडची शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्रं. महाराजगुड्यातलं एक घर तर २०२२ च्या डिसेंबरात देशभरच्या बातम्यांत झळकलं. चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात, त्यातलं स्वयंपाकघर तेलंगणात. आता पाच मीटरचा हिशेब इथं लावा. दोन राज्यांना आणि न्यायालयांना जे ठरवायला इतकी वर्षं पुरली नाहीत, ते फोन दर सेकंदाला नव्यानं ठरवतो. चहा घेत सोफ्यावर बसलेला माणूस कप उचलेपर्यंत परराज्यात.

फोटो जागेसकट द्यायची सवय आता सगळ्या खात्यांना लागली आहे. घरकुलाचा जोता, भिंत, छत, प्रत्येक टप्प्याचा फोटो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं देशाच्या कितीतरी आधी, १९७७ सालीच केला. पुढे देशानं ती कल्पना उचलली, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्या कामांवरच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोन फोटोंवर आली. मग काय झालं, ते जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून राज्यांना कळवलं: कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढला जात आहे. मला यात आश्चर्य वाटलं नाही. ज्याला फोटोच हवा, त्याला फोटो मिळाला. काम हवं असतं तर कोणीतरी बांधावर येऊन पाहिलं असतं.

शिक्षकांनी तर हे सगळं आधीच भोगलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं ठरवलं की मुलांच्या हजेरीसाठी शिक्षकांनी दर सोमवारी मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचे आणि 'सरल' प्रणालीत भरायचे. पुढे तो निर्णय थंडावला. पण शिक्षकाच्या खिशातला मोबाईल जो बाहेर आला, तो परत आत गेला नाही. आज शाळेत झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो, खिचडी वाटली की फोटो, आणि त्याच्या खाली जीपीएस कॅमेऱ्यानं छापलेला छोटा नकाशा, तारीख, अक्षांश, रेखांश. सवय इतकी मुरली आहे की ओळखीच्या एका गुरुजींनी मुलीच्या लग्नाचे फोटो पाठवले, त्यातही वधूवरांच्या पायाशी १९ अंश उत्तर आणि ७९ अंश पूर्व लिहिलेलं होतं. उद्या कोणी लग्न झालंच नाही म्हटलं तर पुरावा तयार.

या सगळ्या जिल्ह्यात फोटोच्या बाबतीत खरा सुखी प्राणी एकच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो टिपले. त्यात ७६,६५१ वाघांचे, ५१,७७७ बिबट्यांचे. या पाहणीची नोंद गिनीज बुकात झाली. ताडोबातल्या कुठल्याही वाघाला कोणी सांगितलं नाही की पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहा, रुंदी १६० ठेव. उलट त्याचे पट्टे स्पष्ट यावेत म्हणून माणसंच धडपडली, कारण पट्ट्यांवरून तो कोण ते ओळखायचं होतं. आमच्या चौकड्यांच्या शर्टाच्या नशिबी असं कौतुक नाही.

आता पोर्टलवाल्यांची बाजूही ऐकून घेऊ. दहा लाख अर्ज आले आणि प्रत्येकानं दहा एमबीचा फोटो चढवला, तर नुसत्या चेहऱ्यांना दहा टीबी जागा लागते. वीस केबीत बसवले तर तेच वीस जीबीत मावतात. मर्यादा घालणं चूक नाही. पण ती मर्यादा साठवणुकीच्या कोठीला घाला, दाराला कशाला? आलेला फोटो आपणच लहान करून ठेवणं हे सर्व्हरला निमिषाचं काम आहे. व्हॉट्सॲप रोज तेच करतं आणि कोणाला सांगतही नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा सात-आठ एमबीचा फलक फेसबुकवर पहिल्या फटक्यात चढतो. अडतो तो फक्त शिष्यवृत्तीचा अर्ज. यंत्राच्या अर्ध्या सेकंदाचं काम वाचावं म्हणून पहाडावरचा माणूस एसटीचं भाडं काढतो, मजुरी बुडवतो, केंद्रात फोटो बारीक करण्याचे पैसे मोजतो, आणि "सर्व्हर डाऊन" ऐकून परत जातो. हा हिशेब कुठल्याच काट्यावर बसत नाही.

निदान चूक झाली तर ती काय झाली, ते तरी मराठीत लिहा. "काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा" हे आम्हाला आमच्या घरचेही सांगतात. फोटो जड आहे, आडवा आहे, प्रकार वेगळा आहे, की फाईलच्या नावात जागा सुटली आहे, एवढं सांगायला चार ओळी पुरतात.

ते होईपर्यंत वाचकांनी आपलं आपण सांभाळावं. फोटोला साधा, एकरंगी शर्ट घाला. पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहा, उजेड समोरून येऊ द्या. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. वावरातला फोटो ॲपच्याच कॅमेऱ्यातून, झाडाखालून बाहेर येऊन, जागा स्थिर झाल्यावर काढा. आणि शेवटच्या तारखेला केंद्रात जाऊ नका. त्या दिवशी सगळा जिल्हा एकाच वेळी आत शिरायला बघत असतो.